चरते साहेब

आमच्या फार्मवरची माणसं त्यांना माघारी ‘चरते साहेब’ म्हणत. फाटकावर एक नवा चौकीदार आला होता. हे त्यांचं आडनावच असावं अशा समजुतीनं त्यानं पहिल्याच सकाळी ताठ उभं राहून म्हटलं, ‘नमस्ते, चरते साहेब.’ मागून येणारे आम्ही दोघं-तिघं जागीच थांबलो. साहेब थांबले, चौकीदाराकडे बघून थोडा विचार केला, म्हणाले, ‘नमस्ते,’ आणि कुरणाकडे चालू लागले. पुढं तो चौकीदार बदलून जाईपर्यंत रोज असंच म्हणायचा आणि साहेब रोज उत्तर द्यायचे.

फार्म अकोल्याच्या बाहेर होतं, गुरांचं, सरकारी. गोठे, दूध मोजायची खोली, ऑफिसची कौलारू इमारत, चार क्वार्टरं, आणि मागं थेट नाल्यापर्यंत पसरलेलं गवताचं कुरण. साहेबांचं काम कुरणात. सकाळी गुरं सुटली की ते एका गाईच्या मागं निघत. गाय कशाला तोंड लावते ते बघायचं, आणि तिनं तोडलेल्या घासाच्या शेजारचं तसलंच गवत, तेवढंच, हातानं खुडून कमरेच्या पिशवीत टाकायचं. गाय बाभळीच्या शेंगा वेचू लागली की साहेब शेंगा वेचत. गाय नाल्यात उतरली की साहेब धोतराऐवजी घातलेली खाकी हाफपँट सावरत नाल्यात उतरत. संध्याकाळी पिशवी ओतून जातवार गवत वेगळं करायचं, सावलीत वाळवायचं, तोलायचं आणि पुड्या बांधून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. गाय काय खाते हे गाय तर सांगत नाही, तेव्हा ते कळून घ्यायचा त्या काळी आमच्याकडे हाच एक मार्ग होता. पण रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायचं ते इतकंच, की पुढं एक गाय चरते आहे आणि तिच्या मागं एक अधिकारी चरतो आहे.

मी मोर्शीकडचा. शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडून त्यांचा असिस्टंट म्हणून हजर झालो. गुरांची मला काडीची आवड नव्हती, नोकरी पाहिजे होती. आमच्या घरानं नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती, आणि नवा माणूस भेटला की तो आधी आडनाव विचारतो, मग जरासा थांबतो, मग एकदम जास्त गोड बोलायला लागतो, हे मला पाठ झालं होतं. मी त्या थांबण्याची वाट बघत टेबलासमोर उभा राहिलो. टेबलावर गवताचे ढीग होते. त्यातून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, ‘चालता येते?’

‘हो साहेब.’

‘हळू चालता येते काय? जोरात चालनारे लय येते इथं. मले गाईच्या चालीनं चालनारा पायजे.’

मला वाटलं, यात काय मोठं. दुसऱ्या दिवशी कळलं. गाय दोन पावलं टाकते आणि उभी राहते. आपण तिसरं पाऊल टाकलेलं असतं. मग आपण मागं येतो, तर ती पुढं गेलेली असते. माझ्या पिंढऱ्या दुखून आल्या, आणि सगळ्यात जास्त दुखलं डोकं, कारण डोक्याला एवढं हळू जायची सवय नसते. साहेबांना होती. त्यांचं बोलणंही त्याच चालीचं होतं. एक वाक्य बोलून ते थांबत, आणि आपल्याला वाटे बोलणं संपलं, आपण निघायला वळावं तर मागून पुढचं वाक्य येई.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ते गवत चावून बघत. कुरणातलं प्रत्येक. पवना, मारवेल, हरळी, आणि ती कुसळी सुद्धा, जिची वाळलेली टोकं धोतरात, पायात, गुरांच्या तोंडात सुईसारखी घुसतात आणि जिला भुकेलेलं ढोरही टाळतं. मलाही चावायला लावत. एकदा मी सांगितलं, ‘कडू आहे.’ ते म्हणाले, ‘कडू तं कारलंबी असते. कसं कडू ते सांगा.’ मी दिवसभर त्या कडूचा विचार करत हिंडलो आणि संध्याकाळी जाऊन सांगितलं, की आधी गोडसर लागतं आणि थुंकल्यावर कडू होतं. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

रविवारी ते अकोल्याच्या बाजारात जात. घ्यायचं काही नसे. गवताचे भारे विकायला बसलेल्या बायांसमोर जाऊन उकिडवे बसत, भाऱ्यातली एक काडी उपसत, चावत आणि विचारत, ‘बाई, हे कुठून कापलं?’ हा माणूस सरकारी, आणि आपण कापलेलं रान बहुधा सरकारीच, म्हणून बाया भारे डोक्यावर घेऊन भराभर उठून जात. साहेब मोकळ्या जागेत काडी चावत बसलेले असत. त्यांना ह्याचं कोडं कधी सुटलं नाही. ‘बाजारात कोनी बोलत नाई बापा,’ असं ते सोमवारी मला सांगत.

त्यांच्या गाईला नाव नव्हतं. कानात पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर नंबर. आमचा ढोरकी महादेवभाऊ कुरणातल्या एकूणएक ढोरांना नावानं हाक मारी, हिला तो ‘गवरी’ म्हणे, पण साहेबांच्या कानावर जाऊ देत नसे. कारण एकदा गेलं होतं, तेव्हा साहेबांनी त्याला बाभळीखाली बसवून समजावलं होतं.

‘पाय महादेव, नाव ठेवलं का माया येते. माया आली का मानूस गाईले चांगल्या गवताकडे नेते. मंग ते तिचं खानं राहत नाई, आपलं राहते.’

महादेवभाऊनं मान हलवली आणि मला नंतर म्हणाला, ‘सायेब लय शिकेल हाय, पन त्याईले बोलाचाले मानूस पायजे होतं.’

साहेब स्वतः हा नियम काटेकोर पाळत. इतक्या वर्षांत त्यांनी त्या गाईच्या पाठीवर कधी हात ठेवला नाही. हातानं घास दिला नाही. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोन हात अंतर ठेवून, तिच्या बाजूनं, गप्प चालत राहायचं. मी विचारलं होतं, दर वर्षी एकच गाय का? ते म्हणाले, गाय बदलली की खाण्याच्या सवयी बदलतात, मग ह्या उन्हाळ्याची तुलना मागच्या उन्हाळ्याशी कशी करणार? मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

त्यांच्या क्वार्टरमध्ये गवत होतं. छताच्या वाशांना जुड्या टांगलेल्या, खिडकीत जुड्या, पलंगाखाली जुड्या. खुर्ची एकच. पाहुणा आला तर बसायला द्यायची वेळ आली असती, पण आला नाही, म्हणून दुसरी घ्यायची आठवण झाली नसावी. माझी आई मोर्शीहून माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला शेजारच्या घरातून ना भांडं वाजल्याचा आवाज, ना माणसाचा, हे सहन होईना.

‘कारे बाबू, तुह्या सायबाले घरदार नाई काय?’

‘आहे. बायको अमरावतीला आहे, मुलींच्या शाळेत मास्तरीण.’

‘मंग हा इथं काय करते?’

‘गाय काय खाते ते पाहते.’

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे काम मीच त्यांना लावून दिलं होतं. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडे भाकर आणि अंबाडीची भाजी पाठवायला लागली. भाकर पोचली की ताट धुऊन परत यायचं, त्यासोबत एक चकार शब्द नाही. आठ-पंधरा दिवसांनी एकदा ते स्वतः ताट घेऊन आले, दारातच उभे राहिले, आणि म्हणाले, ‘भाजीत नाल्याकाठची अंबाडी होती. पहिली वावरातली होती.’ आई घरभर हसत सुटली. तिच्या हातचं खाल्लं म्हणून फार्मवरचे काही लोक त्यांच्याशी आखडून वागू लागले होते. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही मला सांगता येणार नाही, कारण आधीही कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नव्हतं.

अमरावतीला मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, त्यांचे गरम कपडे आणायला. बाई शांत, नेटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी चहा दिला. ‘बरे आहेत?’ विचारलं. मग विचारलं, ‘कोणाशी बोलतात का?’ मी म्हणालो, आमच्याशी बोलतात, गवताबद्दल. त्या म्हणाल्या, ‘गवताबद्दल बोललेलं मलाही चाललं असतं. पण ते घरात नुसते बसून बघायचे. मी पोळी लाटते आहे, बघतायत. मी केस विंचरते आहे, बघतायत. चांगल्याच नजरेनं, वाईट काही नाही. पण कोणी असं बघत बसलं की माणूस आपल्यासारखा राहत नाही हो. मी आपलं चांगलंचुंगलंच वागायला लागले. दमले.’ त्यांनी स्वेटर, मफलर नीट घडी करून दिलं. दिवाळीला ते येतात, भाऊबीजेच्या आधी जातात, असंही सांगितलं. मला वाईट वाटलं, पण कोणासाठी वाटावं ते समजेना. दोघंही भली माणसं होती.

आता ते सगळं कशासाठी होतं, हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. फाल्गुनानंतर गुरांना हिरवं दिसत नाही. कडबा, कुटाराचा भुसा आणि असली तर सरकीची ढेप, म्हणजे पेंड. गाई वाळतात, माजावर येत नाहीत, आल्या तरी गाभण राहत नाहीत, वर्ष फुकट जातं. साहेबांचं म्हणणं असं, की गाईला तिच्या मनानं फिरू दिलं तर ती वैशाखातही हिरवं शोधून काढते. नाल्याच्या कपारीतली हरळी, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, दगडाच्या सावलीतला पवना. त्यांची गाय तसं शोधत होती. दर वर्षी वेळेवर माजावर येत होती, वेळेवर व्यात होती, आणि गोठ्यात ढेप खाणाऱ्या गाई तिच्या मागं पडत होत्या. म्हणून कुरण मोडू नका, नाला नांगरू नका, गाईला अक्कल आहे. एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि त्यात त्यांची तरणी वर्षं गेली होती.

इकडं वारा बदलला होता. आधी आमचे हुकूम नागपूरहून येत, मग मुंबईहून येऊ लागले, मग पुण्याहून. संकरित ज्वारीचं बियाणं निघालं होतं आणि वरच्यांना आमच्या कुरणात ज्वारी दिसू लागली होती. हिवाळ्यात कमिटी येणार, साहेबांचा अहवाल ऐकणार आणि कुरण ठेवायचं की नांगरायचं ते ठरवणार, असं पक्कं झालं. अहवाल तयार होता. मी तो वाचला होता, आणि मला तोवर नोकरीपेक्षा त्या कुरणाची जास्त काळजी वाटायला लागली होती. अहवाल असा होता की कमिटीला मान हलवावीच लागली असती.

कार्तिकात साहेबांना हिवताप आला. पलंगावरून उठता येईना. आई पेज करून द्यायची, मी गाईच्या मागं जायचो. पहिल्याच सकाळी गाय सुटली ती कुरणात न जाता साहेबांच्या क्वार्टरच्या तारेपाशी जाऊन उभी राहिली. महादेवभाऊनं हाकलली. ती कुरणात गेली, थोडं इकडं-तिकडं तोंड घातलं, परत तारेपाशी आली. दुसऱ्या दिवशी तेच. नाल्यातल्या हरळीकडे ती फिरकलीच नाही. बाभळीखाली मारवेल गवत अजून हिरवं होतं, त्यातून नुसती चालत गेली.

मला गंमत वाटली. आजारी माणसाला तेवढाच विरंगुळा म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, ‘साहेब, तुमची गाय रुसली. खात नाही. तुमच्या दारात येऊन उभी राहते.’

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते उठून बसले.

‘नाल्यात गेली?’

‘नाही.’

‘बाभळीखाली?’

‘नाही साहेब. म्हणजे गेली, पण खाल्लं नाही.’

त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं ताप चढला. आईला बोलावलं. ती कपाळावर हात ठेवून म्हणाली, ‘ताप नाई. काई तरी लागलं ह्याईच्या मनाले.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंगाभोवती दुपट्टा गुंडाळून, भिंतीला धरत बाहेर आले. मला आणि महादेवभाऊला बोलावलं. गाय त्या वेळी नाल्याकाठच्या हिरव्या पवन्यात नेऊन उभी करायला सांगितली. मग ते स्वतः कुरणाच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथं नुसती कुसळी होती, वाळलेली, टोकं उभी झालेली. तिच्या मधोमध ते बसले. हाक मारली नाही. हातही हलवला नाही.

गाईनं पवन्यातून डोकं वर काढलं. वारा तिच्याकडे होता. ती निघाली. सरळ कुरण ओलांडून ती त्यांच्यापाशी आली, दोन हातांवर थांबली, त्यांच्या अंतराला बरोबर, आणि मान खाली घालून कुसळी खायला लागली. टोकं ओठांना टोचत असतील, ती मान झटकत होती आणि पुन्हा खात होती. साहेब सरकून थोडं पुढं बसले. ती थोडी पुढं आली आणि तिथली कुसळी खाऊ लागली.

महादेवभाऊ माझ्या शेजारी हळूच म्हणाला, ‘माय वो.’

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी जवळ गेलो. ते म्हणाले, ‘मी हिच्या मांगं नोयतो. ही माह्या मांगं होती.’ त्यांना गवत कळायचं. चांगलं गवत कुठं असणार ते त्यांच्या पायांना माहीत होतं. पाय नकळत तिकडं वळत, आणि गाय त्यांच्या कलानं वळे. मग तिनं तिथं तोंड घातलं की ते समजत, हिनं शोधलं. हात न लावता, शब्द न बोलता, इतकी वर्षं त्यांनी आपल्याच आवडीचं गवत खुडलं होतं.

मी वाद घातला. त्यांच्याशी मी एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. म्हणालो, गवत कोणी का शोधेना, गाय तर कुरणातल्याच गवतावर गाभण राहिली ना? अहवाल खोटा कसा? कुरण वाचेल, साहेब, अहवाल आहे तसा द्या.

ते माझं सगळं ऐकून घेत बसले. मग म्हणाले, ‘लोकं आपल्या भरवशावर गाई मोकळ्या सोडतीन. त्या गाईच्या मांगं कोन राहीन? गावोगावी एकेका गाईमांगं माह्यासारखा रिकामा मानूस सरकार देनार हाय काय?’



कमिटी आली. पुण्याचे एक मोठे अधिकारी अध्यक्ष होते, चांगले होते, अहवालाबद्दल ऐकून होते. साहेब उभे राहिले आणि त्यांच्या चालीनं, एकेका वाक्याला थांबत, अहवाल मागं घेत आहे असं म्हणाले. का, तेही सांगितलं. गाईला माझा लळा लागला होता, म्हणाले. खोलीत कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी विचारलं, ‘मग इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?’

‘गाय चारली, साहेब.’

आता सगळेच हसले. मला त्या माणसांचा राग आला आणि साहेबांचाही आला. कुरण अर्धं गेलं. चैत्रात ट्रॅक्टर आले, रस्त्याकडची बाजू त्यांनी उलथी केली. नाल्याकडचं अर्धं साहेबांनी विनंती करून पुन्हा प्रयोग करायला मागून घेतलं. ते त्यांना मिळालं, कारण नाल्याची जमीन ज्वारीच्या कामाची नव्हती.

नव्या प्रयोगात ते स्वतः नव्हते. गाई बदलत्या, मागं जाणारा माणूस बदलता, कधी मी, कधी दुसरं कोणी. साहेब ऑफिसात बसून आम्ही आणलेलं गवत निवडत. पण त्यांची जुनी गाय कळपात होती, आणि ती अजून तारेपाशी येऊन उभी राहत होती, तिच्या मागं निम्मा कळप. तिला दुसरीकडे पाठवा असं मी सुचवलं. त्यांनी ते ऐकलं नाही. ‘तिले माहा विसर पडला पायजे,’ म्हणाले. ‘मंग ती काय खाते ते खरं. तेच तं आपल्याले पायजे होतं.’

तिला विसर पडावा म्हणून त्यांनी जे केलं ते मी रोज पाहिलं आहे. क्वार्टरपासून ऑफिस समोर दिसत होतं, मधून गुरांची वाट जायची. ते तिकडून येणं त्यांनी सोडलं. घराच्या मागच्या दारानं निघून, नाल्याला वळसा घालून, ज्वारीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ते ऑफिसात येत. निघताना चिमूटभर कुटार हवेत सोडून वारा बघत. वारा गोठ्याकडे असला तर आणखी लांबून येत. पावसाळ्यात त्या धुऱ्यावर गुडघाभर चिखल व्हायचा. आमच्या काळ्या मातीचा चिखल, पाय टाकला की वहाण आत राहते. वहाणा हातात घेऊन, चिखलानं भरलेले ते ऑफिसच्या मागच्या पायरीवर पाय धुताना दिसत. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी दारं-खिडक्या लावून आत बसत. बाहेर तारेपाशी ती हंबरायची. महादेवभाऊ ‘हो, हो’ करत तिला वळवायचा. एकदा मी त्या वेळी आत त्यांच्याजवळ होतो. ते अंधारात पलंगावर बसले होते, आणि ती हंबरली की श्वास धरून ठेवत होते, जणू तो तिला ऐकू गेला असता.

माझी आई एकदा चिडून त्यांना म्हणाली, ‘कायले जिवाले असा तरास देता, सायेब? मुकं जनावर हाय. जाऊन पाठीवर एक डाव हात तं फिरवा.’

ते म्हणाले, ‘फिरवला अस्ता आई. आधीच फिरवाले पायजे होता.’ त्यांनी तिला आई म्हटलं ते मी तेव्हाच ऐकलं. हात मात्र फिरवायला ते गेले नाहीत.

पोळ्याच्या सुमारास गाय व्याली. कालवड झाली. काही दिवसांनी महादेवभाऊनं तिला पुन्हा कळपात सोडली. संध्याकाळी गुरं परतताना मी ऑफिसच्या ओट्यावर उभा होतो. ती कळपाच्या पुढं होती, कास भरलेली, घाईघाईनं चालत होती. साहेबांच्या तारेपाशी आली आणि चालतच राहिली. गोठ्यात शिरली. आतून कालवडीचा आवाज आला. मी आणखी काही दिवस पाहिलं, कारण एका दिवसावर विश्वास ठेवायचा नसतो हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. रोज तसंच झालं. तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. खिडक्या लावलेल्याच होत्या.

‘साहेब, गाय आता थांबत नाही.’

ते गवताची जुडी बांधत होते. हात थांबले.

‘हाकलावं लागते?’

‘नाही. आपल्या मनानं जाते.’

‘मान वळवते?’

मला ‘हो’ म्हणावंसं फार वाटलं. मी म्हणालो, ‘नाही.’

मग लगेच म्हणालो, ‘वासराच्या ओढीनं जाते साहेब. म्हणून लक्ष नसेल.’

‘ओढ कायची का असंना,’ ते म्हणाले, ‘तिची हाय.’ जुडीची गाठ त्यांनी नीट बसवली. ‘बरं झालं. आता तुमच्या पिशवीत येईन ते खरं येईन. अन् मले उद्यापासून सरळ वाटेनं येता येईन.’

आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या दारानं निघून सरळ वाटेनं आले. गुरं समोरून येत होती. ते वाटेच्या कडेला सरकून उभे राहिले. ती गाय त्यांच्यापासून दोन हातांवरून गेली, आणि त्यांनी कोणत्याही गाईला देतात तशी तिला वाट दिली.